मधुमेही मांजराच्या बाबतीत कर्करोगाची शंका आल्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी गोट्या नावाचा बोका होता. नवव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला आणि बाराव्या वर्षी, शुगर बऱ्यापैकी ताब्यात असताना, त्याचे वजन उतरू लागले. पोटाची सोनोग्राफी झाली आणि अहवालाच्या शेवटच्या ओळीत 'लिम्फोमा' हा शब्द आला. त्यानंतर आम्ही डॉक्टरांना जे प्रश्न विचारले, आणि पुढे ज्यांच्या मांजरांवर अशीच वेळ आली त्यांनी आम्हाला जे विचारले, ते येथे एकत्र केले आहेत. मी पशुवैद्य नाही. औषधांच्या मात्रा मुद्दामच दिलेल्या नाहीत; त्या मांजराला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायच्या असतात.

मधुमेही मांजराचे वजन घटू लागले, तर लगेच कर्करोगाची शंका घ्यावी का?

लगेच नाही, पण 'शुगरमुळेच असेल' असे म्हणून स्वस्थही बसू नये. मधुमेह ताब्यात नसेल तर भरपूर खाऊनही मांजर वाळत जाते, हे खरे आहे. म्हणूनच मधुमेही मांजराच्या घटत्या वजनाचे खापर सवयीने मधुमेहावर फुटते आणि दुसरा आजार महिनोन्‌महिने त्याच्या आड दडून राहतो. पाणी पिणे आणि लघवी पूर्वीइतकीच आहे, घरी मोजलेली शुगर ठीक येते आहे आणि तरीही वजन उतरते आहे, असे दिसले तर कारण बहुधा दुसरीकडे असते. अशा कारणांच्या यादीत कर्करोग आहे, पण तो एकटा नाही: थायरॉइडचा अतिस्राव, मूत्रपिंडाचा जुना आजार, स्वादुपिंडाची सूज, आतड्याची जुनाट सूज आणि दातांचे दुखणे हे सगळे म्हाताऱ्या मांजरांत नेहमी आढळणारे आजार आहेत.

वजन डोळ्यांनी मोजू नये, कारण केसाळ मांजर बराच काळ भरलेलेच दिसते. आम्ही भाजीवाल्याकडे असतो तसा हुकाचा डिजिटल काटा आणला होता. कापडी पिशवीत गोट्याला बसवायचे, पिशवी हुकाला अडकवायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत त्याच्या शिव्या ऐकायच्या, असा दर रविवारचा कार्यक्रम असे. वहीत ५.४, मग ५.१, मग ४.७ किलो असे आकडे उतरत गेले, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की तीन महिन्यांत त्याचे आठवा हिस्सा वजन गेले आहे. साठ किलोच्या माणसाच्या हिशेबात हे साडेसात किलो होतात.

मधुमेहामुळे कर्करोग होतो का? की कर्करोगामुळेच मधुमेह झाला असेल?

मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप २ मधुमेहासारखा असतो आणि त्यामागे लठ्ठपणा, वाढते वय, घरात बसून राहणे ही कारणे असतात. नसबंदी झालेल्या बोक्यांत त्याचे प्रमाण जास्त दिसते. याच वयात मांजरांना कर्करोगही होऊ लागतात, त्यामुळे दोन्ही आजार एकाच मांजरात भेटणे हा पुष्कळदा केवळ वयाचा योग असतो.

उलट दिशेची उदाहरणे मात्र आहेत. स्वादुपिंडाच्या कर्करोगामुळे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होऊन मधुमेह होऊ शकतो, पण मांजरांत तो क्वचितच आढळतो. मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या गाठीमुळे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढले तरी मधुमेह होतो आणि अशा मांजराची कातडी कागदासारखी पातळ होऊन सहज फाटते. म्हाताऱ्या मांजराच्या स्वादुपिंडात सोनोग्राफीला लहान लहान गाठी दिसल्या तर घाबरण्याआधी एवढे लक्षात ठेवावे की त्या वयात तेथे निरुपद्रवी गाठीही बऱ्याच वेळा आढळतात.

इन्सुलिन वाढवत नेले तरी शुगर उतरत नाही. याचा अर्थ कुठेतरी गाठ आहे का?

आधी साध्या चुका तपासाव्यात. आपल्याकडे इन्सुलिनच्या ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन्ही कुप्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. सहसा लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या कुपीसाठी आणि केशरी टोपणाची १०० युनिटच्या कुपीसाठी असते. या दोघींची अदलाबदल झाली की मात्रा अडीच पट चुकते, कधी कमी तर कधी जास्त. फ्रिजच्या दारात गरम-गार होत राहिलेली किंवा मुदत संपलेली कुपी, केसांतच सांडलेली सुई, दातांतला किंवा लघवीतला जंतुसंसर्ग, अंगावरच्या खाजेसाठी कोणी दिलेले स्टेरॉइड, हे सगळे पाहून झाल्यावरच पुढची शंका घ्यावी.

ती शंका बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतील गाठीची असते. ही गाठ वाढीचे संप्रेरक जास्त सोडते आणि त्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव पडत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या अभ्यासात १,२२१ मधुमेही मांजरांचे रक्त तपासले गेले आणि सुमारे चौथ्या हिश्श्यात या आजाराकडे बोट दाखवणारी, आयजीएफ-१ या घटकाची वाढलेली पातळी सापडली. येथे 'गाठ' हा शब्द ऐकून कर्करोग समजण्याची घाई करू नये, कारण ही गाठ जवळजवळ नेहमीच शरीरात इतरत्र न पसरणारी असते. तिची ओळखही वेगळी आहे: मांजर वाळत नाही, उलट त्याचे वजन वाढते, तोंड रुंद होते, पंजे मोठे होतात, घोरणे सुरू होते. आयजीएफ-१ ची तपासणी इन्सुलिन सुरू झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी केलेली बरी, कारण त्याआधी आकडा फसवा कमी येऊ शकतो.

सोनोग्राफीच्या अहवालात 'लिम्फोमा नाकारता येत नाही' असे लिहिले आहे. हे निदान झाले का?

नाही. ही शंका आहे, आणि शंका व निदान यांतील अंतर या आजारात फार मोठे असते.

लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचा कर्करोग मांजरांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे आणि आजकाल तो बहुतेक वेळा पचनमार्गात सापडतो. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. लहान पेशींचा लिम्फोमा संथ असतो, महिनोन्‌महिने वाढतो आणि योग्य गोळ्यांना चांगला प्रतिसाद देतो; उपचार घेतलेली मांजरे बहुधा दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ जगल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मोठ्या पेशींचा लिम्फोमा आक्रमक असतो आणि शिरेवाटे केमो देऊनही त्याचा हिशेब बहुतेकदा महिन्यांतच होतो, जरी केमोने पूर्ण आटोक्यात आलेली काही मांजरे वर्षभर किंवा अधिक काढतात. एकाच नावाखाली हे दोन इतके वेगळे आजार आहेत की 'कोणता?' हे कळल्याशिवाय रडायलाही सुरुवात करू नये, असे आमचे डॉक्टर म्हणाले होते आणि ते बरोबर होते.

सोनोग्राफीत आतड्याच्या भिंतीतील स्नायूंचा थर जाड दिसतो आणि जवळच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या दिसतात. हे चित्र लहान पेशींच्या लिम्फोमातही दिसते आणि साध्या जुनाट सुजेतही दिसते. केवळ प्रतिमेवरून दोहोंत फरक करता येत नाही. भिंतीचे थर पुसले जाऊन तेथे मांसल गोळाच तयार झालेला असेल, तर मात्र आक्रमक प्रकाराची शंका बळावते. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी संथ लिम्फोमा नाहीच असे म्हणता येत नाही.

मोठ्या तपासण्यांआधी कोणत्या लहान तपासण्या करून घ्याव्यात?

आधी तोंड उघडून जीभ उचलून पाहावी. हे फुकट होते आणि नेमके हेच राहून जाते. जिभेखाली किंवा जबड्यात होणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा मांजरांच्या तोंडाचा सर्वात नेहमीचा कर्करोग आहे आणि सुरुवातीला तो सडलेल्या दातासारखाच भासतो. मांजरी असेल तर पोटावरच्या स्तनांची रांग बोटांनी चाचपावी. मांजरींच्या स्तनांतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्याच निघतात आणि गाठ २ सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढली तर पुढचे आयुष्य बरेच लांबते.

रक्ततपासणीत नेहमीच्या गोष्टींबरोबर थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, स्वादुपिंडाच्या सुजेची तपासणी आणि मांजरांच्या ल्युकेमिया व एफआयव्ही (प्रतिकारशक्ती खच्ची करणारा) या विषाणूंची तपासणी करून घ्यावी. बी-१२ कमी निघाले तर आतड्याच्या किंवा स्वादुपिंडाच्या आजाराला पुष्टी मिळते आणि ते भरून काढल्याशिवाय भूक व वजन सुधारत नाही. हे इंजेक्शन स्वस्त आणि निर्धोक आहे. फ्रुक्टोसामीनच्या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास नको. तो मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी शुगर सांगतो खरा, परंतु थायरॉइड वाढलेले असेल किंवा आतड्यातून प्रथिने वाहून जात असतील, तर तो खोटा कमी येतो आणि मधुमेह छान ताब्यात असल्याचा भ्रम होतो. दवाखान्यात घेतलेली एकच शुगरही फसवी असते, कारण घाबरलेल्या मांजराची शुगर झपाट्याने चढते. घरी कानाच्या कडेच्या शिरेतून घेतलेल्या थेंबाचे आकडे अधिक खरे.

गाठीत सुई घालून तपासणी पुरते, की बायोप्सी लागतेच? मधुमेही मांजराला भूल झेपेल का?

स्पष्ट गोळा असेल किंवा ग्रंथी मोठी झालेली असेल, तर सोनोग्राफीत पाहत बारीक सुईने पेशी काढतात. आपल्याकडे याला सर्रास एफएनएसी म्हणतात. मोठ्या पेशींचा लिम्फोमा यातून पुष्कळदा ओळखता येतो. लहान पेशींच्या बाबतीत ही तपासणी तोकडी पडते, कारण त्या पेशी सुजेतल्या पेशींसारख्याच दिसतात. तेथे ऊतीचा तुकडाच लागतो. दुर्बिणीने घेतलेले तुकडे कमी त्रासाचे असतात, पण दुर्बीण मधल्या आतड्याच्या बऱ्याचशा भागापर्यंत पोहोचत नाही आणि हा आजार नेमका तेथेच जास्त असतो. पोट उघडून भिंतीचा पूर्ण थर घेतला तर उत्तर अधिक खात्रीचे मिळते, पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि रक्तातली प्रथिने कमी असतील तर टाके भरून येण्याची चिंता असते. तुकडा पाहूनही पॅथॉलॉजिस्टला खात्री वाटली नाही, तर त्यावर पुढच्या विशेष चाचण्या करता येतात. म्हणून 'तुकडा पुढील तपासण्यांसाठी जपून ठेवा' असे आधीच सांगून ठेवावे.

भुलेपुरता मधुमेह हा अडसर नसून नियोजनाचा विषय आहे. सकाळची पहिली वेळ मागावी, उपाशी किती तास ठेवायचे आणि त्या दिवशी इन्सुलिन किती द्यायचे हे लेखी घ्यावे (बहुतेक डॉक्टर मात्रा कमी करतात, पूर्ण बंद करत नाहीत), आणि शुद्धीवर येईपर्यंत शुगर अधूनमधून मोजली जाईल का, ते विचारावे. शरीरात कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी, साठली की घातक ठरणारी द्रव्ये) तयार झालेले असतील तर आधी ते निस्तरावे लागतात.

'बायोप्सी नको, स्टेरॉइड सुरू करून पाहू' असे सुचवले आहे. हो म्हणावे का?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. निरोगी शुगरच्या मांजरात हा मार्ग काही वेळा समर्थनीय ठरतो; मधुमेही मांजरात त्याला दोन्ही बाजूंनी किंमत मोजावी लागते. एक तर प्रेडनिसोलोन हे नेहमी दिले जाणारे स्टेरॉइड शुगर वाढवते, इन्सुलिनची गरज वाढवते आणि मुश्किलीने बसलेली घडी विस्कटते. दुसरे असे की स्टेरॉइड लिम्फोमाच्या पेशींनाही मारते, त्यामुळे ते सुरू केल्यावर घेतलेल्या तुकड्यात आजार पुसट दिसतो आणि मग ना निदान हाती येते ना शुगर. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नमुना, मग स्टेरॉइड.

एका दवाखान्यात आम्हाला पहिल्याच भेटीत लांब पल्ल्याचे स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेले. कंपाउंडरने सुई भरूनही ठेवली होती. 'त्याला मधुमेह आहे' हे वाक्य आम्ही दुसऱ्यांदा म्हटल्यावर ती बाजूला ठेवली गेली. असे इंजेक्शन एकदा दिले की काही आठवडे शरीरात राहते आणि परत काढता येत नाही, तर गोळी किमान कमी किंवा बंद करता येते. मधुमेही मांजराच्या फाइलवर पहिल्या पानावर लाल शाईने तसे लिहून न्यावे.

बायोप्सी खरोखरच शक्य नसेल, मांजर फार अशक्त असेल किंवा खर्च आवाक्याबाहेर असेल, तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मग बी-१२, आहारातील बदल यांपासून सुरुवात करता येते, आणि स्टेरॉइड द्यायचेच ठरले तर आतड्यापुरता जास्त परिणाम करणाऱ्या बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा किंवा क्लोरॅम्ब्युसिल या केमोच्या गोळीवर भर देण्याचा पर्याय विचारता येतो. बुडेसोनाइडनेही शुगर थोडीफार चढू शकते, म्हणून घरचे ग्लुकोमीटर त्या काळात रोज वापरावे.

इन्सुलिन टोचतो तेथे गाठ आली आहे. ती कर्करोगाची असेल का?

बहुधा नसते, पण तिच्याकडे काणाडोळा करू नये. मांजरांत लस किंवा इतर इंजेक्शनच्या जागी क्वचित सार्कोमा हा कर्करोग होतो आणि त्यासाठी पशुवैद्य तीन-दोन-एक हा नियम वापरतात: गाठ तीन महिन्यांहून जास्त टिकली, २ सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा टोचल्यानंतर एक महिन्यानेही वाढतच राहिली, तर नमुना घ्यावा. मात्र नुसती 'काढून टाकू' अशी घाई करू नये, कारण या गाठीची पहिली शस्त्रक्रिया अपुरी झाली तर ती परत येते.

केमो म्हणजे मांजराचे हाल होणार का?

माणसांतल्या केमोचे चित्र डोळ्यांसमोर आणून नाही म्हणू नये. मांजरांत मात्रा अशी ठेवतात की आजार दबावा आणि रोजचे जगणे सुसह्य राहावे. केस सहसा गळत नाहीत, मिशा मात्र गळू शकतात. गोट्याच्या बायोप्सीत लहान पेशींचा लिम्फोमा निघाला आणि त्याला क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या घरीच दिल्या जात. ही गोळी फ्रिजमध्ये ठेवायची, तोडायची किंवा कुटायची नाही, हातमोजे घालून द्यायची, आणि घरात गरोदर स्त्री असेल तर तिने गोळीला व त्या मांजराच्या मातीच्या ट्रेला हात लावायचा नाही. ठरल्याप्रमाणे रक्तातील पेशींची मोजणी चुकवू नये. आजार दबू लागला की भूक परत येते आणि तेव्हा इन्सुलिनची गरजही बदलते. त्या आठवड्यांत जुनाच आकडा टोचत राहिल्यास शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते.

मांजराने आज खाल्लेच नाही. इन्सुलिन द्यावे का?

पूर्ण मात्रा देऊ नये. आधी शुगर मोजावी आणि डॉक्टरांना फोन करावा. शुगर मोजण्याची सोय नसेल तर तेवढी एक वेळ सोडून द्यावी, कारण चुकलेल्या एका इन्सुलिनने सहसा जीव जात नाही, जास्त झालेल्याने जाऊ शकतो. पण सलग वेळा चुकवणेही घातक आहे: उलट्या, सुस्ती, जोराचा श्वास, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास अशी लक्षणे दिसली तर कीटोन वाढल्याचे समजून त्याच रात्री दवाखाना गाठावा. लटपटणे, डोळे थिजणे किंवा झटके दिसले तर शुगर उतरलेली असते. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून लगेच निघावे.

परदेशातल्या वाचकांसाठी एक इशारा: अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन ही मांजरांच्या मधुमेहाची तोंडावाटे द्यायची औषधे मंजूर झाली. ती चालू असलेल्या मांजराचे खाणे सुटले तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोन वाढू शकतात, त्यामुळे केवळ ग्लुकोमीटर पाहून निर्धास्त राहू नये.

दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून वेगळाच जीवघेणा आजार उभा राहतो. मळमळ थांबवणारे मॅरोपिटंट आणि भूक आणणारे मर्टाझापीन यांविषयी लवकर विचारावे. कॅप्रोमोरेलिन हे भुकेचे दुसरे औषध शुगर वाढवते, म्हणून मधुमेहात ते जपून वापरावे लागते.

हळद, गुळवेल असे घरगुती उपाय करावेत का?

मांजराच्या लिम्फोमावर ते चालतात असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही, आणि अन्नात काहीतरी कडू मिसळल्याने मुळातच कमी खाणारे मांजर ताटलीकडे पाठ फिरवते. कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजराला विषारी असतो. दुखते आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर कधीही देऊ नये. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

घरातल्या दुसऱ्या मांजरांना लागण होईल का?

कर्करोगाची नाही. ल्युकेमियाचा विषाणू निघाला तर तो मात्र लाळेतून पसरतो, म्हणून त्यांची तपासणी करावी.

आता थांबावे, हे कसे ओळखायचे?

अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी मांडली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे अजून बऱ्यापैकी आहे असे मानतात. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर गुण द्यावेत. आमच्या घरी आईचे आणि माझे आकडे तब्बल अकरा गुणांनी वेगळे आले, कारण तो रात्री माझ्या खोलीत असायचा आणि त्या रात्री आईला माहीत नव्हत्या.

उपचार न करण्याचा निर्णयही वैद्यकीय निर्णयच असतो. त्यात वेदना आणि मळमळ यांवरची औषधे चालूच राहतात.

शेवटच्या दिवसांत शुगर किती काटेकोर ठेवावी?

तेथे उद्दिष्ट बदलते. पुढच्या काही वर्षांत नसांवर किंवा मूत्रपिंडांवर काय परिणाम होईल याची चिंता तेव्हा उरत नाही. शुगर फार उतरू नये आणि कीटोन होऊ नयेत, एवढेच पाहायचे असते. मात्रा कमी ठेवून आकडा थोडा चढा चालू द्यावा, दिवसातून अनेकदा कान टोचणे थांबवावे, आणि वर्षानुवर्षे सांभाळलेला मधुमेहाचा आहार मांजराला नको असेल तर जे आवडीने खाईल ते द्यावे. आमच्या डॉक्टरांनी तशी परवानगी दिली त्या संध्याकाळी गोट्याला चार वर्षांत पहिल्यांदा, काटे काढलेला, भाताबरोबर कुस्करलेला बांगडा मिळाला, आणि त्याने भात तेवढा वगळून सगळा बांगडा संपवला.